‘पुट अप विथ’ आणि त्याची भावंडं: ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश कितपत कामाचा?

पुट अप विथ (सहन करणं), रन आउट ऑव्ह (जवळचं संपणं), लुक फॉरवर्ड टू (आतुरतेने वाट बघणं). क्रियापद ओळखीचं, मागचे दोन्ही शब्द ओळखीचे आणि तिघांचा मिळून अर्थ भलताच. अशा जोड्या तपासायला ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी किती उपयोगी पडते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. हा कोश मुळातच इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी घडला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत असत. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. दहावी आवृत्ती २०२० ची. संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो.

आधी दोन छोट्या शब्दांची जात ओळखायला हवी, नाहीतर कोशातल्या खुणा कळत नाहीत. ‘तो वर गेला’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण आणि ‘टेबलावर’ यातलं शब्दयोगी, हे शाळेत झालेलं असतं. इंग्रजीत शब्द नामाला चिकटत नाही, म्हणून फरक डोळ्यांना दिसत नाही. पण असतो तोच. ‘पुट अप विथ द नॉइज’ यात ‘अप’ क्रियापदाच्या बाजूचा, ‘विथ’ नामाच्या बाजूचा. ‘विथ’ला नाम लागतं, ‘अप’ला लागत नाही.

आता कोश उघडा. ‘पुट’च्या नोंदीत शिरून शोधत बसू नका, ती फार लांब आहे. शोधचौकटीत तिन्ही शब्द एकदम टाका. मग कंस बघा. या कोशातली सर्वात मोलाची खूण तीच, आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. ‘रन आउट’च्या एका अर्थात ‘ऑव्ह समथिंग’ कंसात असतं. ‘गिव्ह इन’ (नमतं घेणं) पुढे ‘टू’ कंसात, ‘फॉल आउट’ (भांडण होणं) पुढे ‘विथ’ कंसात. कंसातलं सगळं गाळता येतं: ‘वुई हॅव रन आउट’, ‘दे फेल आउट’. ‘पुट अप विथ’ला कंस नाही, ‘मेक अप फॉर’ला नाही, ‘कम अप विथ’लाही नाही. तिथे मागचा शब्द आणि त्याचं नाम दोन्ही द्यावंच लागतं. ‘आय कान्ट पुट अप’ म्हणून थांबलात तर वाक्य अर्धवट राहतं.

दुसरी खूण म्हणजे ‘समबडी’ आणि ‘समथिंग’ यांची जागा. ‘पुट अप विथ’मध्ये ते शेवटी येतं, म्हणून सर्वनामही शेवटीच: ‘पुट अप विथ हिम’. ‘पुट हिम अप विथ’ होत नाही, जरी ‘टर्न इट ऑफ’ होत असलं तरी. काही जोड्यांना मात्र दोन जागा लागतात. राग भलत्यावर काढणं म्हणजे ‘टेक समथिंग आउट ऑन समबडी’: पहिलं नाम क्रियापदाला लागून, दुसरं टोकाला. ‘टॉक समबडी आउट ऑव्ह समथिंग’चंही तसंच. हा साचा जसाच्या तसा वहीत उतरवावा, नुसते तीन शब्द पाठ करू नयेत.

मराठी माणूस इथे का चुकतो, ते एकभाषी कोश सांगणार नाही. तो भाग आपला आपण भरायचा. आपण म्हणतो ‘दूध संपलं’: दूध कर्ता. इंग्रजीत माणूस पुढे येतो: ‘वुई हॅव रन आउट ऑव्ह मिल्क’. दूधच कर्ता ठेवायचं तर ‘ऑव्ह’ उडतो: ‘द मिल्क हॅज रन आउट’. दोन्ही अर्थ कोशात वेगवेगळे दिले आहेत, पण सरमिसळ होते ती आपल्या डोक्यात. ‘मला युक्ती सुचली’चं ‘आय केम अप विथ अ प्लॅन’ होतं. ‘माझं तिच्याशी पटतं’चं ‘आय गेट ऑन विथ हर’. आपल्याकडे ‘मला’, ‘माझं’ असतं तिथे इंग्रजीत सरळ ‘आय’.

‘लुक फॉरवर्ड टू’ला तर नोंद वाचूनही लोक चुकतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ अर्जांमध्ये सर्रास दिसतं. हा ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून ‘मीटिंग’ हवं. खात्री करायची तर पुढे ‘इट’ ठेवून बघा: ‘लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, ‘वाँट टू इट’ चालत नाही. कोशात ‘टू डुइंग समथिंग’ असा साचा स्वतंत्र दिलाय, तो वाचावा.

आणखी एक आपल्याकडची चूक: ‘निभावून नेणं’ या अर्थाने ‘कोप अप विथ’. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ यांच्या संगतीने ती आली असावी. कोशात अशी नोंदच नाही. ‘कोप’पुढे थेट ‘विथ’, तेही कंसात.

उच्चारासाठी छापील प्रत बरी. तिथे आघाताच्या उभ्या रेघा जोडीवरच असतात, आणि जोर ‘अप’वर पडतो, ‘विथ’वर नाही. मागच्या शब्दावर जोर दिला की ऐकणाऱ्याला वाक्य कानाला खटकतं.

हा कोश कमी पडतो तो सैल जोड्यांत. ‘अप इन द लॉफ्ट’, ‘आउट इन द यार्ड’, ‘डाउन अ‍ॅट द शॉप’, ‘ओव्हर अ‍ॅट हर प्लेस’: यांना क्रियापद ठरलेलं नाही, त्यामुळे त्यांना फ्रेझल व्हर्बचं, म्हणजे ‘पुट अप विथ’सारख्या ठरलेल्या क्रियापद-जोडीचं, वेगळं पान मिळत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र त्या पदोपदी येतात. आणि गंमत अशी की या आपल्या तोंडात आधीपासून आहेत. ‘वर माळ्यावर ठेव’, ‘आत देवघरात बघ’, ‘मागे परसात गेलाय’. क्रम तोच: आधी मोकळं क्रियाविशेषण, मग नाम आणि त्याचं शब्दयोगी किंवा प्रत्यय. तरी इंग्रजी बोलताना आपण पहिला शब्द गाळतो आणि ‘ही इज ऑन द टेरेस’ एवढ्यावर भागवतो. चूक नाही, पण ‘अप ऑन द टेरेस’ म्हटलं की बोली इंग्रजीचा सूर लागतो. यासाठी कोशात क्रियापदांकडे जाऊ नका. अप, डाउन, आउट, ओव्हर, बॅक या पाच शब्दांच्या क्रियाविशेषण म्हणून दिलेल्या नोंदी उघडा, फक्त उदाहरणं वाचा आणि प्रत्येकाला घरातलं एक मराठी वाक्य जोडून ठेवा.