माजी सैनिकांसाठी आरोग्य शिक्षण: इंटर्नशिप वॉर्डात की गटवर्गात?

एका धाकट्या मैत्रिणीला दोन्हीकडून बोलावणं आलंय, पण तिचं काही ठरत नाहीये. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहिते.

वेळ: वॉर्डात एका रुग्णापाशी वीस मिनिटं सहज जातात. गटवर्गात तासाभरात दहा जण ऐकतात, पण तयारी आदल्या रात्रीपासून करावी लागते.

शिकणं: इथे वॉर्ड खूपच पुढे. इन्सुलिन टोचायची जागा बदलत राहा, असं नुसतं सांगून भागत नाही. "आता मला करून दाखवा" म्हटलं की खरं कळतं. एक आजोबा प्रत्येक वाक्याला "हो, समजलं" म्हणत होते. इन्सुलिनचं पेन हातात दिलं, तर सुई एकाच जागी टोचून झालेल्या जुन्या गाठीवरच टेकवली. तोफांच्या आवाजाने कान अधू झालेले; निम्मं ऐकूच आलं नव्हतं. तेव्हापासून मी समोर बसून, सावकाश बोलते. गटात असा माणूस मागच्या रांगेत हरवतो.

मात्र सिगारेट कशी सोडली हे एका सैनिकाने सांगितलं की दुसरा मनापासून ऐकतो. तेवढं आपलं ऐकत नाही.

मनावरचा ताण: वॉर्डात जास्त.

नर्सिंग किंवा आहारशास्त्रात जायचं असेल तर वॉर्ड घे. सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम आखायचे असतील तर गटवर्ग.