शटडाऊनला नेलेला हाफ मास्क: आठ महिने वापरून

मी अमळनेरचा, लॅगिंगवाला. वाफेच्या पाइपांवरचं जुनं आवरण उतरवायचं, नवं चढवायचं, हे काम. गुजरातच्या रिफायनरीत शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, निघाला की ठेकेदाराचा फोन येतो आणि आम्ही पाच जण सुरतची गाडी धरतो. नवं आवरण रॉकवूलचं, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचं असतं. पण जुन्या लाइनीवरचा पत्रा उचकटला की खाली काय निघेल याचा नेम नाही. पांढरा भुसभुशीत थर, फ्लँजमधलं (पाइपांच्या जोडातलं) जुनं पॅकिंग, दोरी, यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ज्याचे बारीक तंतू श्वासातून जाऊन फुफ्फुसं खराब करतात, आणि ते नुसतं बघून कळत नाही.

पंचवीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून काढली. दुपारची भाकरी त्याच गोण्यांवर बसून खाल्ली, धुळीचे कपडे घरी आणून बायकोकडून झटकून घेतले. मग आमच्या उस्तादांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, कुठं कुठं काम केलं, कागद आणा. कागद कुठले? अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. आमच्या ठेकेदाराकडे हजेरीची वहीसुद्धा सापडेना.

तेव्हा ठरवलं, मास्क स्वतःच्या पैशाने घ्यायचा.

जळगावच्या दुकानात आधी कोविडच्या वेळचा एन-९५ पुढे आला. "चालतो हो, सगळे हाच नेतात." नाही चालत. अमेरिकेच्या नियमात असले घडीचे मास्क अ‍ॅस्बेस्टॉससाठी वापरायला मनाई आहे. मी नाक-तोंड झाकणारा रबराचा हाफ मास्क आणि गुलाबी पी-१०० फिल्टरची जोडी घेतली, २,३०० रुपये. हे फिल्टर बारीक कणांतले ९९.९७ टक्के अडवतात. पण खरी मेख कडेला आहे. रबर गालाला चिकटलं नाही तर हवा फिल्टर सोडून तिथूनच आत शिरते. मधला साइज माझ्या नाकापाशी फुसफुसला. दुकानदाराने कुरकुर न करता मोठा बदलून दिला, एवढं श्रेय त्याला. तपासायचं सोपं आहे: दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकायचे, हळू श्वास ओढायचा, मास्क तोंडाला चिकटून राहिला पाहिजे.

आणि दाढी. दोन दिवसांची खुंटंसुद्धा चालत नाहीत. आमच्यातल्या एकाने मास्क घेतला आणि दाढीवरच चढवला. त्याचे २,३०० पाण्यात.

पहिल्या दिवशी साइटवर पोरं हसली, "तोंडले काय बांधं रे भो?" तिसऱ्या दिवशी दोघांनी दुकानाचा नंबर मागितला.

तक्रारी आहेत. घाम हनुवटीत साचतो. मे महिन्यात खान्देशची पोरं तापलेल्या लोखंडाला घाबरत नाहीत, पण या रबराला कंटाळतात. बोललेलं समोरच्याला ऐकू जात नाही, मचाणावर हातवारे करावे लागतात. तासाभराने मान दुखते.

दोन गोष्टी दुकानदार सांगणार नाही. एक, हा फिल्टर धुळीचा आहे, वायूचा नाही. रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, तिथं हा घालून गेलात तर जीव जाईल. तिथं बाहेरून हवा पुरवणारा सेटच लागतो. दुसरी, हाफ मास्क नीट बसला तरी धूळ साधारण दहापटच कमी करतो असं धरतात. म्हणून आधी धूळच उडू द्यायची नाही: थर पाण्याने भिजवून उतरवायचा, कोरडा झाडू नाही, अंगावर एअरची नळी मारून कपडे साफ करायचे नाहीत. आमच्याकडे अजून मारतात. मी बाजूला जाऊन उभा राहतो, शिव्या खातो. कपडे तिथंच बदलतो, घरी नेत नाही.

पाचपैकी चार. एक गुण मान आणि घामाचा कापला. फिल्टर धुवायचे नाहीत, फुंकून साफ करायचे नाहीत. श्वास ओढायला जड वाटले की पिशवीत बंद करून बदलायचे. नवी जोडी मला ७५० ला पडली. दुकानात ती नेहमी नसते, गाडी पकडायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा.