लोपामुद्रा, नागनिका की कान्होपात्रा : सोलापुरातल्या एका घरासाठी तीन दुर्मीळ नावांचा आढावा

माझ्या भाचीला मुलगी झाली, आणि बारसे जवळ आल्यावर तिने मला तीन नावे लिहून पाठवली : लोपामुद्रा, नागनिका आणि कान्होपात्रा. नाव वेगळे हवे, त्यामागे खरी स्त्री हवी आणि ते आपल्या घरात शोभायला हवे, एवढ्याच तिच्या अटी होत्या. 'आपल्या घरात' ही शेवटची अट सोलापुरात वाटते तितकी साधी नसते. भाचीचे माहेर मराठी आहे, तिच्या सासूबाई घरात कन्नड बोलतात आणि बाळाला दिवसभर मांडीवर घेणाऱ्या शेजारच्या मावशी तेलुगू आहेत. पूर्व भागातील शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले. तिथल्या हजेरीपटावर नागम्मा, अंबिका, लक्ष्मी आणि शबाना एकाखाली एक असत, आणि एकच नाव तीन घरांत तीन तऱ्हांनी उच्चारले जाताना मी रोज ऐकत असे. त्यामुळे या तिन्ही नावांची तुलना करताना त्यांचा उगम जितका तपासला, तितकीच ती या शहराच्या कानांना कशी लागतील हेही तपासले.

आधी दुर्मीळपणाविषयी थोडेसे. आपल्याकडे जन्मनोंदणीतून मुलांच्या नावांची अधिकृत क्रमवारी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे एखादे नाव किती प्रचलित आहे हे आपण शाळेच्या पटांवरून, मतदारयाद्यांवरून आणि लग्नपत्रिकांवरूनच ताडतो. त्या अंदाजाने तिन्ही नावे सोलापुरात दुर्मीळ आहेत, पण त्यांच्या दुर्मीळपणाची कारणे वेगवेगळी आहेत आणि माझ्या मते निवडीचा खरा आधार तोच आहे. कान्होपात्रा हे नाव सर्वांना ठाऊक आहे, तरी ते मुलीला कोणी ठेवत नाही. नागनिका हे नाव शतकानुशतके वापरातून गेलेले होते आणि इतिहासाच्या आवडीमुळे आता कुठे पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. लोपामुद्रा हे नाव महाराष्ट्रात विरळ असले तरी देशात इतरत्र आजही सहज ठेवले जाते. सर्वांना ठाऊक असूनही जे नाव कोणी ठेवत नाही, त्यामागे बहुधा काही कारण असते. ते कारण समजून घेतल्याशिवाय ते नाव उचलू नये.

कान्होपात्रा तिघींत आपल्याला सर्वांत जवळची आहे. मंगळवेढा सोलापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि पंधराव्या शतकातील ही संत कवयित्री तिथलीच. श्यामा नावाच्या गणिकेच्या पोटी ती जन्मली, आईचा व्यवसाय तिने नाकारला, वारकऱ्यांबरोबर ती पंढरपूरला गेली, आणि बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, अशी परंपरा सांगते. मंदिराच्या आवारातील तरटीचे झाड तिची खूण म्हणून दाखवले जाते. तिला कोणी गुरू नव्हता, कोणत्याही संताच्या कुळाचा वा शिष्यपरंपरेचा आधार नव्हता. वारकरी संतांमध्ये तिचे स्थान केवळ तिच्या भक्तीवर आणि तिच्या अभंगांवर उभे आहे. १९३१ साली बालगंधर्वांनी तिची भूमिका रंगभूमीवर केल्यामुळे तिचे नाव मराठी घराघरांत पोहोचले.

इतके असूनही हे नाव पाळण्यात का येत नाही, याचे उत्तर नावातच आहे. 'कान्हो' म्हणजे कृष्ण हे उघड आहे. 'पात्र' या शब्दाला मात्र मध्ययुगीन दख्खनेत नर्तकी असा अर्थ होता, आणि कन्नडमध्ये 'पात्रदवळु' हा शब्द त्याच अर्थाने रूढ होता. म्हणजे जो व्यवसाय तिने प्राणपणाने नाकारला, त्याची खूण तिच्या नावात कायमची राहिली. मराठीत आज तो अर्थ कोणाच्या मनात येत नाही. पण कन्नडमध्ये स्त्रीनामाच्या अखेरचा 'आ' सहसा 'ए' होतो, 'पात्रा'चे 'पात्रे' होते, आणि 'पात्रे' म्हणजे स्वयंपाकघरातले भांडे. सासूबाईंनी नातीला लाडाने हाक मारली की प्रत्येक वेळी भांडे आठवावे, हे मला बरे वाटत नाही. शिवाय कान्होपात्रा म्हटले की तिचे मरण आठवते. त्या मरणाविषयी मला अतीव आदर आहे, परंतु नवजात मुलीच्या नावाबरोबर ते यावे का, हा विचार पुष्कळ आजी-आजोबांनी आपापल्या काळी केलेला दिसतो आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

नागनिकेचे तसे नाही. ती सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी होती, आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत जो मोठा शिलालेख आहे तो तिचा मानला जातो. अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील धरतात. अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची, तसेच दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाण्यांची त्यात नोंद आहे. ती नोंद आकड्यांसह असल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या अभ्यासातही या लेखाला मोठे महत्त्व आहे. त्याच लेखात राणीला महिना महिना उपवास करणारी आणि घरात राहूनही तपस्विनीसारखी जगणारी म्हटले आहे. लेण्याच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या. आज त्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, मात्र त्यांच्यावर कोरलेली नावे शिल्लक आहेत. प्रतिमा गेली आणि नाव उरले, यापेक्षा नावाच्या टिकाऊपणाचा मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

तिथे कोरलेले रूप 'नायनिका' असे आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' लोपून तिथे 'य' येणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे तिचे नाव नागनिका असेच घेतले जाते. अलीकडे मुलींना ठेवले जाणारे 'नयनिका' हे नाव मात्र निराळे आहे. त्याचा संबंध 'नयन' म्हणजे डोळ्याशी आहे, या राणीशी नाही. दोन्ही नावे एकच समजून ठेवू नयेत.

सोलापूरच्या कानांना नागनिका इतर दोघींपेक्षा सहज रुचेल. तेलुगू आणि कन्नड घरांत नागम्मा, नागमणी, नागरत्ना ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मोहोळ तालुक्यातील वडवळच्या नागनाथाला मानणाऱ्या मराठी घरांनाही 'नाग' हे अक्षर परके नाही. अडचण आहे ती लेखनाची, आणि ती किरकोळ नाही. इंग्रजी अक्षरांत 'ना' आणि 'न' यांतला भेद राहत नाही. मधला स्वर गाळून कोणी हे नाव लिहिले, की देवनागरीत परत आणताना ते 'नग्निका' होऊ शकते. संस्कृतात नग्निका म्हणजे विवस्त्र, आणि धर्मशास्त्रात हा शब्द ऋतुप्राप्तीपूर्वीच्या मुलीसाठी येतो. आज बहुतेक दाखले इंग्रजी अक्षरांतून संगणकाने मराठीत उतरवले जातात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींची नावे अशा प्रवासात बिघडून आलेली मी पाहिली आहेत, आणि ती सुधारून घेण्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी कामाचे दिवस मोडून मारलेल्या खेपाही पाहिल्या आहेत. यंत्रमागावर रोजंदारीने काम करणाऱ्या घरात अशी एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

आता लोपामुद्रा. हिच्याविषयी अधिक सांगावे लागेल, कारण हिच्या मागे सांगण्यासारखे सर्वांत अधिक आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ वे सूक्त म्हणजे लोपामुद्रा आणि तिचा पती अगस्त्य यांचा संवाद आहे. सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे आणि परंपरेने त्यातील पहिल्या दोन ऋचा तिच्या मानल्या आहेत. अनेक वर्षे रात्रंदिवस कष्टत आले, आता वार्धक्य देहाची शोभा हिरावून घेत आहे, असे सांगून ती तपात बुडालेल्या पतीकडे सहजीवनाचा हक्क मागते. आपल्या साहित्याच्या अगदी आरंभी एक स्त्री स्वतःच्या तोंडाने, स्वतःसाठी, संकोच न करता बोलते आहे, याचे मोल मला फार वाटते. कान्होपात्रेनेही स्वतःचा शब्द मागे ठेवला. नागनिकेचा आवाज मात्र दानांच्या यादीआडून येतो.

महाभारताच्या वनपर्वात तिची कथा वेगळ्या रूपात येते. अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांतील जे जे उत्तम अंग, ते ते घेऊन एक कन्या घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली. विदर्भात वाढलेली ही राजकन्या पुढे अगस्त्यांची पत्नी झाली. दागिने उतरवून तिने वल्कले नेसली, पण संतती हवी असेल तर माहेरच्या तोडीचे वैभव आणा, असे तिने पतीला स्पष्ट सांगितले. त्या धनाच्या शोधात अगस्त्य इल्वल या असुराकडे पोहोचले आणि वातापीची सुप्रसिद्ध गोष्ट घडली : इल्वलाने आपला भाऊ वातापी याला शिजवून त्यांना जेवणात वाढले, आणि अगस्त्यांनी तो पोटातच जिरवून टाकला. बदामीचे जुने नाव वातापी आहे, आणि सोलापूरहून विजापूरमार्गे तिथे जाता येते. तेलुगू घरांत बाळाला भरवून झाले की पोटावरून हात फिरवत 'जीर्णं जीर्णं वातापि जीर्णं' म्हणण्याची पद्धत आहे. ती याच कथेतून आली आहे. म्हणजे शेजारच्या मावशी ज्या कथेचे शब्द म्हणत बाळाचे जेवण जिरवतील, त्या कथेला आरंभ ज्या स्त्रीच्या मागणीने झाला तिचेच नाव त्या बाळाला मिळेल.

नावाच्या अर्थाची फोडही याच कथेवरून करतात : प्राण्यांच्या सौंदर्याच्या मुद्रांचा जिने आपल्या रूपाने लोप केला, ती लोपामुद्रा. कोडगूकडे ती कावेरी नदीच्या रूपात पूजली जाते. बंगाल आणि ओडिशात हे नाव आजही ठेवले जाते; बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते अनेकांना परिचित आहे, आणि नागपूरच्या अभिनेत्री लोपामुद्रा राऊत यांच्यामुळे विदर्भाच्या लेकीचे नाव विदर्भातही पुन्हा ऐकू आले.

या नावावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी भाचीपासून लपवला नाही. मराठीत 'लोप' म्हटले की 'लोप पावणे' आठवते, आणि तेलुगूत 'लोपं' म्हणजे उणीव, दोष. कन्नडमध्येही 'लोप' या शब्दाला चूक, न्यून असा अर्थ आहे. त्यामुळे 'लोपा' हे लाडके रूप बंगालात कितीही गोड वाटत असले, तरी सोलापुरात ते मुळीच वापरू नये. पूर्ण नावाला मात्र हा दोष लागत नाही, कारण ललितासहस्रनामात देवीचे 'लोपामुद्रार्चिता', म्हणजे लोपामुद्रेने पूजिलेली, असे एक नाव आहे, आणि तेलुगू व कन्नड घरांतील पुष्कळ स्त्रिया शुक्रवारी सहस्रनाम म्हणतात. मी शेजारच्या मावशींना नुसते 'लोपा' म्हणून दाखवले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. 'लोपामुद्रा' म्हटल्यावर त्यांनी ती ओळ लगेच म्हणून दाखवली. हाताच्या अंतरावर असलेल्या त्या दोन उच्चारांनी माझा निर्णय पक्का झाला.

पत्रिकेतील अक्षरावर ज्यांचा भर असतो त्यांच्यासाठी एवढेच : 'लो' हे भरणीच्या चौथ्या चरणाचे अक्षर असून रास मेष येते, 'ना' अनुराधेच्या पहिल्या चरणाचे म्हणून वृश्चिक, आणि 'का' मृगाच्या तिसऱ्या चरणाचे म्हणून मिथुन. भाचीच्या घरी याचा आग्रह नव्हता.

लांबीचा विचार मात्र करायला हवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाची नोंद महाराष्ट्रात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने होते. आईचे नाव त्यात आले ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्यामुळे परीक्षेच्या अर्जावरील रकान्यात चार शब्द बसवावे लागतात. आईवडिलांची नावे आणि आडनाव आखूड असेल तर लोपामुद्रा किंवा कान्होपात्रा निभावते. ती लांब असतील तर नागनिका सोयीची ठरते.

तेव्हा माझा सल्ला असा. घरात नागनाथाची किंवा नागदेवतेची उपासना असेल, आणि दाखल्यावरचे अक्षर न् अक्षर तपासण्याइतकी चिकाटी घरच्यांत असेल, तर नागनिका निःशंकपणे ठेवावे. मंगळवेढ्याशी घरोबा असलेल्या वारकरी कुटुंबाने जाणीवपूर्वक कान्होपात्रा ठेवले तर मला आनंदच होईल, पण कन्नड बोलणाऱ्या घरात मी ते सुचवणार नाही. भाचीसाठी माझी पसंती लोपामुद्रा आहे : दाखल्यावर पूर्ण नाव, आणि हाक मारायला 'मुद्रा'. सासूबाई त्याचे 'मुद्रे' करतील आणि मावशी शेवटचा स्वर आखूड करून 'मुद्र' म्हणतील. दोन्ही रूपांचा अर्थ शिक्का, ठसा असाच राहतो.

घाई करण्याचे मात्र कारण नाही. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव नंतर भरता येते. १२ महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क पडत नाही आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते नोंदवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जात असल्याने, दाखला हातात घेण्यापूर्वी 'लो'पुढे 'प' नसून 'पा' आहे ना, आणि अखेरीस 'द्र' नसून 'द्रा' आहे ना, हे खिडकीशी उभे राहूनच वाचून घ्यावे.