बागेतली पत्र्याची शेड, देवगड: एक पावसाळा काढल्यावर

पत्र्याला दहापैकी नऊ, स्क्रूला शून्य. घाईत असाल तर एवढे वाचून पुढे जा. ज्यांच्या बागेपर्यंत दर्याचा वारा पोचतो त्यांनी मात्र नीट वाचा.

शेड नेहमीचीच. 10 बाय 8 फूट, चौकोनी पाइपचा सांगाडा, कलर कोटेड पत्रा, एकीकडे उतार. जागा देवगड तालुक्यात, कलमांच्या बागेत. समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते. जुना मांगर, म्हणजे बागेतली सामान ठेवायची खोपी, एका बाजूने बसला होता; तो पुन्हा उभा करायचा तर चिरे, वासे, कौले आणि मुख्य म्हणजे गवंड्याची मर्जी. लाकडी तयार शेड फोटोत झकास दिसते, आमच्या वाळवीला ती महिनाभर पुरेल. म्हणून पत्रा. गुढीपाडव्याला उभी राहिली, लिहितोय दिवाळीनंतर.

ऑगस्टमध्ये फवारणी पंप बाहेर काढला तर त्याच्या टाकीवर तांबूस ओघळ. वर पाहिले. छताच्या जवळजवळ प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचे कडे. पाणी धो धो गळत नव्हते, तसे असते तर निदान लगेच कळले असते. एक थेंब स्क्रूच्या टोकाशी येतो, जरा लोंबतो आणि नेमका खताच्या पोत्यावर पडतो. दिवसभर हेच. खत दगडासारखे झाले, ते फोडायला कुदळ घ्यावी लागली.

दोष वायसरचा. स्क्रूच्या डोक्याखाली जो काळा वायसर असतो तो ईपीडीएम, म्हणजे उन्हापावसात टिकणाऱ्या रबराचा हवा. आमच्या शेडला साधा प्लास्टिकचा निघाला, नखाने दाबला तर तुकडा पडतो. त्यात लावणाऱ्या पोरांनी ड्रिल मशीन असे दाबले होते की काही ठिकाणी वायसर एका अंगाने बाहेर येऊन फाटला होता. वायसर पत्र्यावर नुसता चपखल बसला पाहिजे, चेपला गेला की संपला. एका स्क्रूमागे शेडवाल्याचे किती वाचले असतील? फार तर चहाच्या एका घोटाचे पैसे. त्यासाठी माझे खत गेले.

शेडवाल्याला फोन केला. पहिल्यांदा ‘माणूस पाठवतो’. मग ‘पाऊस जाऊ दे’. मग फोनच उचलेना. शेवटी बाजारात समोर सापडला तेव्हा म्हणतो, “काकांनू, दर्याचो वारो हा, स्क्रू गंजतलेच.” मी म्हटले, दर्या पाडव्यालाही तिथेच होता, शेड विकताना तुला दिसला नाही काय? वॉरंटीचा कागद काढला तर ती फक्त पत्र्याच्या रंगाची. स्क्रू, वायसर, सांधे काही नाही. शिवाय खाली बारीक अक्षरांत समुद्राजवळची जागा वगळलेली. कोकणात शेड विकायची आणि वॉरंटीतून समुद्र वगळायचा, या हुशारीला तोड नाही.

इथपर्यंतचे सगळे सप्टेंबरातच लिहून ठेवले होते, एक तारा देऊन. पाऊस गेल्यावर शिडी लावून वर चढलो आणि मत बदलावे लागले.

पत्रा खरोखर चांगला आहे. रंगाला कुठे फोड नाही. आतला मूळ पत्रा गॅल्व्हाल्युमचा, म्हणजे लेपात 55 टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त. मायक्रोमीटर लावून जाडी मोजली, सांगितल्याप्रमाणे रंगासकट 0.50 मि.मी. भरली. इथे 0.40 चा पत्रा 0.50 म्हणून गळ्यात मारणारे कमी नाहीत, त्यामुळे याचे श्रेय शेडवाल्याला द्यायलाच हवे. गंज दिसला तो फक्त दाराशेजारी, जिथे पत्रा ग्राइंडरने कापला होता. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचा लेप जळतो आणि उडालेला लोखंडाचा कीस पत्र्यावर चिकटून ठिपके पडतात. बाकी कडा कातरीने कापल्या होत्या, त्या स्वच्छ आहेत.

वाऱ्यातही हलली नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या वाडीतले पत्रे कुठच्या कुठे गेले होते, म्हणून पाय चिऱ्याच्या जोत्यात काँक्रीट भरून बोल्टने आवळून घेतले होते. पत्र्यांची जोड पावसाच्या वाऱ्याकडे पाठ करून बसवली आहे, तिथून पाणी शिरले नाही. वळचणीखाली दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या आहेत. त्या मला फुकटचा खर्च वाटत होत्या, पण त्यांच्यामुळेच आत घाम धरला नाही. क्रेटमधल्या पेंढ्याला बुरशी नाही, आंबे उतरवायच्या झेल्याची जाळी कोरडी. जुन्या मांगरात हे कधी जमले नाही.

आता पुन्हा स्क्रू. ज्याला विचारावे तो सांगतो, ‘स्टेनलेसचे लावा’. समुद्राजवळ या पत्र्याला ते लावू नका. स्टेनलेस, पत्र्यावरचा लेप आणि मध्ये खारट ओल असे एकत्र आले की स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. जाड लेपाचे स्क्रू मिळतात, खोक्यावर हजार तासांची सॉल्ट स्प्रे चाचणी (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासायची) लिहिलेली असते, ते घ्या. मी कोल्हापुरातून मागवले आणि जुन्यापेक्षा एक माप जाड घेतले, म्हणजे त्याच भोकात घट्ट बसतात. छतावर ते पन्हळीच्या माथ्यावर मारायचे, खोलात नाही. खोलातून पाणी वाहते. अजून एक, मोरचूद, म्हणजे फवारणीसाठीचा तांब्याचा क्षार, या शेडमध्ये ठेवू नका. तांबे आणि जस्त यांचे हाडवैर आहे, ओल्या हवेत सांडलेली मोरचुदाची पूड पत्रा खाते.

तर तीन तारे. तेवढेच पैसे मोजून पुन्हा घ्यायची झाली तर याच शेडवाल्याकडून घेईन, पण स्क्रूचे खोके स्वतः आणून लावणाऱ्याच्या हातात देईन आणि तो छतावर असेपर्यंत खाली खुर्ची टाकून बसेन. त्याच्या स्क्रूचे पैसे बिलातून वजा कर म्हटले तर करत नाही. विचारून झाले आहे.