सोलापुरातून मैदानात जाऊन खेळ बघायचा तर: पार्क, गहुंजे, बालेवाडी, उप्पल

जानेवारी २०२४ ते जून २०२५ या दीड वर्षात मी, माझे वडील (आमचे अण्णा) आणि माझी शाळकरी मुलगी, कधी तिघं तर कधी दोघी, चार वेगवेगळ्या स्पर्धा मैदानात बसून बघितल्या. त्याआधी आमचा सगळा खेळ टीव्हीवर. चारही ठिकाणांबद्दल लिहिते आहे, कारण सोलापूरहून निघणाऱ्याला तिकिटाचा दर आणि गाडी कुठे लावायची एवढं कळून भागत नाही. सामने कोणत्या गावात ठेवलेत, घरचे सामने आहेत की नाहीत, हरणाऱ्या संघाचं पुढे काय होतं, यावरच आपल्या वाट्याला काय येणार ते ठरतं. पहिल्या सामन्याला हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

सुरुवात घराजवळून झाली. पाटीवर इंदिरा गांधी स्टेडियम, पण रिक्षावाल्याला पार्कच सांगायचं. ५ जानेवारी २०२४ ला तिथे महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना सुरू झाला. सोलापुरात जवळपास तीन दशकांनी रणजी आली होती. गड्डा यात्रा आठवड्यावर आलेली, सकाळी हवेत चांगला गारवा. अण्णांनी काखेत सतरंजी मारली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली, आणि आम्ही चालत निघालो. रणजीला तिकीट नसतं, त्यामुळे मोबाईलवर काही दाखवायचं नाही, कुठे रांग नाही. पायरीवर सतरंजी अंथरली की झाली आपली जागा.

इतक्या जवळून खेळ मी कधीच बघितला नव्हता. यष्टिरक्षकाचा आवाज पायरीपर्यंत येतो. बॅटच्या मधोमध लागलेला चेंडू आणि कडेला लागलेला चेंडू यांच्या आवाजातला फरक अण्णांनी मला तिथे कान देऊन ऐकायला शिकवला. मणिपूरचा एक क्षेत्ररक्षक आमच्या समोरच सीमारेषेवर उभा होता. शाळेतल्या पोरांनी त्याला हिंदीत नाव विचारलं, त्याने दोन षटकांच्या मध्ये वळून सांगितलं. पोरांना ते नीट म्हणता येईना, म्हणून त्याने पुन्हा सावकाश सांगितलं. पुढचा तासभर तो चेंडू अडवायचा आणि पोरं महाराष्ट्राची असूनही त्याच्या नावाने टाळ्या वाजवायची. अण्णा पॉली उम्रीगरांबद्दल बोलत होते. उम्रीगरांचा जन्म सोलापूरचा, १९२६ चा. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, २२३ धावा, १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला. हे अण्णा दर वर्षी सांगतात, पण पार्कवर बसून ऐकताना ते वेगळंच वाटलं.

मणिपूर सोलापुरात आलं कसं, हे मी घरी येऊन शोधलं आणि तिथून मला या विषयाचा नाद लागला. रणजीत वरचा गट ३२ संघांचा, आठ-आठच्या चार भागांत, आणि खाली प्लेट गटात सहा संघ. २०२२-२३ ला प्लेटच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्यामुळे मणिपूर वरच्या गटात चढलं आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आलं. आठ संघांच्या गटात प्रत्येकाचे सात सामने, त्यातले तीन-चार घरचे. महाराष्ट्राचा रणजी संघ म्हणजे मुंबई आणि विदर्भ सोडून उरलेला सगळा मुलूख, त्यामुळे घरचा सामना पुण्यातच व्हायला पाहिजे असं काही नाही. तो सोलापूरला, नाशिकला देता येतो. खालून वर येण्याची वाट उघडी आहे म्हणून इंफाळची पोरं पार्कवर खेळली, आणि घरचं मैदान हलवता येतं म्हणून माझ्या म्हाताऱ्या वडिलांना चालत जाऊन प्रथम श्रेणीचा सामना बघता आला. त्याच हंगामाअखेर मणिपूर पुन्हा खाली गेलं. ते वाचून मुलीला खरोखर वाईट वाटलं. एका दिवसाच्या ओळखीवर.

माझा भाचा इंग्लंडचा फुटबॉल बघतो, त्याने लगेच ल्यूटनची गोष्ट सांगितली. २०१४ पर्यंत पाचव्या पायरीवर असलेला क्लब २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये चढला, आणि मोठमोठ्या संघांना त्याच्या जुन्या मैदानावर यावं लागलं, जिथे पाहुण्या प्रेक्षकांचं दार घरांच्या ओळीतून उघडतं. एका वर्षात तो खालीही आला. पण ते एक वर्ष त्या गल्लीचं झालं, असं भाचा म्हणाला. मला ते पटलं.

आता पुण्याजवळचं गहुंजे. याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझा जीव अडकला होता.

महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला सुरू झाली तेव्हा सहा संघांत एक सोलापूर रॉयल्स. आपल्या गावाचं नाव छातीवर घालून खेळणारा संघ! पहिलं वर्ष टीव्हीवर बघितलं. जून २०२४ ला ठरवलं, जायचंच. सगळे सामने गहुंज्याच्या मैदानावर, सगळ्या संघांचे. तीन आठवड्यांत एवढे सामने उरकायचे तर कॅमेरे, दिवे, खेळपट्टी सगळं एका जागी ठेवणं सोपं पडतं, हे समजण्यासारखं आहे. पण सोलापूरकराने जायचं कसं? हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाला सोलापूर सोडते आणि संध्याकाळी सहाला पुण्याहून परत निघते. म्हणजे संध्याकाळचा सामना सुरू होण्याआधीच आपली गाडी निघून गेलेली असते. पुणे स्टेशनवरून लोणावळा लोकल धरायची, देहूरोडला किंवा बेगडेवाडीला उतरायचं, तिथून रिक्षा. मैदान द्रुतगती महामार्गाला लागून आहे. मोटारवाल्याला ते बरं, पायी माणसाला नाही. सामना संपल्यावर एका टॅक्सी ॲपवर तीन चालकांनी फेरी रद्द केली, चौथा आला तेव्हा बारा वाजून गेले होते. पिंपरीत मावशीकडे पोहोचेपर्यंत मुलगी खांद्यावर झोपली होती. अण्णांना आणलं नाही हे किती बरं केलं, असं वाटलं.

मैदान मात्र देखणं आहे, ते मान्य करायलाच पाहिजे. २०१२ पासूनचं, वाटीसारखं, कुठूनही खेळ नीट दिसतो, आणि मागे डोंगर. छप्पर सगळीकडे नाही, जूनमध्ये ते ध्यानात ठेवा. पण ३५ हजारांच्या वर माणसं मावतील अशा जागेत आम्ही तुरळक पसरलेलो. पार्कवर हजार माणसं ओरडली तर अंगावर काटा येतो. इथे तेवढीच माणसं ओरडली तरी आवाज रिकाम्या खुर्च्यांत जिरून जातो. आमच्या रांगेत आम्ही दोघी आणि पंढरपूरचे दोन कॉलेजचे विद्यार्थी, सोलापूरच्या नावाने ओरडणारे आम्ही चौघंच. त्या दोघांनी घरून पांढऱ्या चादरीवर रंगाने सोलापूर लिहून आणलं होतं. सोलापुरी चादर, तिच्यावर सोलापूरचं नाव. तिचं एक टोक मी धरलं, एक मुलीने धरलं, आणि विसाव्या षटकापर्यंत हात खाली घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या लिलावाची. अर्शिन कुलकर्णी आपल्या सोलापूरचा. २०२३ ला त्याने या लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या, १३ षटकार, आणि त्याच सामन्यात चार बळीही घेतले. खेळला नाशिककडून. आपला सोलापूरचा पोरगा नाशिकच्या जर्सीत, आणि आपण टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? लिलावात पैशाचं गणित चालतं, गावाचं नाही. खेळाडूंचं त्यात भलंच होतं. अर्शिनला पुढे आयपीएलचं दार उघडलं, त्याचा मला अभिमानच आहे. पण एखाद्या जिल्ह्याच्या नावाचा संघ काढायचा, तर त्या जिल्ह्यातले दोन-तीन खेळाडू तरी आधी राखून ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलीची आवडती किरण नवगिरे, आपल्या माळशिरस तालुक्यातली. २०२२ ला नागालँडकडून खेळताना तिने टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या, मग महिला प्रीमियर लीगमध्ये उत्तर प्रदेशच्या संघात गेली. त्या संघालाही लखनौमध्ये घरचा सामना मिळायला तिसरं वर्ष, २०२५, उजाडावं लागलं.

जून २०२५ ला महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पुरुषांच्या सहा संघांची यादी आली, तीत सोलापूर नव्हतं. रायगड आणि साताऱ्याची नावं नवी होती. मुलीने दोनदा यादी वाचली. आपला संघ हरून खाली गेला असता तर पुन्हा वर येण्याची वाट तरी बघितली असती. इथे नुसतं नाव गेलं. तो सगळा महिना मी एकही सामना पूर्ण बघितला नाही. पुण्याचंही असंच झालं होतं. २०१७ ला आयपीएलच्या अंतिम सामन्यात पुणे एका धावेने हरलं, आणि करार दोनच वर्षांचा असल्याने संघच उरला नाही.

पुण्यातल्या बालेवाडीचं थोडक्यात. डिसेंबर २०२४, प्रो कबड्डी. बंद सभागृह, प्रेक्षक थेट मॅटपर्यंत, एका तिकिटात दोन सामने. पहिल्यांदा मैदानात जाणाऱ्याने इथून सुरुवात करावी. मला सगळ्यात आवडला तो त्यांचा तेव्हाचा गुणांचा नियम (२०२५ च्या हंगामापासून तो बदलला): जिंकल्यावर ५, बरोबरी झाली तर ३, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी १. त्या रात्री दुसऱ्या सामन्यात एक संघ नऊने मागे, शेवटचं दीड मिनिट. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी, त्या उठून उभ्या राहिल्या आणि ओरडायला लागल्या, "सातवर आणा रे, सातवर आणा!" चढाईपटू बोनस आणि एक स्पर्श, असे दोन गुण घेऊन आला. फरक सात. सगळं सभागृह जिंकल्यासारखं उसळलं. हरणाऱ्याच्या माणसालाही शेवटच्या चढाईपर्यंत खुर्चीत धरून ठेवणारा इतका चांगला नियम मी दुसऱ्या खेळात बघितलेला नाही. एक मात्र खुपलं. त्या हंगामाचे बाद फेरीचे सामने बालेवाडीतच झाले आणि पुण्याचा संघ पुणेरी पलटण तोवर बाहेर पडलेला.

उप्पलला, म्हणजे हैदराबादच्या मैदानावर, गेलो ते शेजारच्या अक्कांमुळे. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, नातीगोती हैदराबादची, त्यामुळे तिकडे आयपीएल म्हटलं की हैदराबादचा संघ सनरायझर्स. अक्का म्हणाल्या, "पुण्याला एवढी मरमर करत जातेस, एकदा आमच्याकडे चल." १२ एप्रिल २०२५, पंजाबविरुद्धचा सामना. बसने हैदराबाद, अक्कांच्या बहिणीकडे जेवण, मग मेट्रो. मेट्रोच्या स्थानकाचं नावच स्टेडियम आहे, उतरून चालत गेलं की मैदान. सामन्याच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालते. सोलापूरहून पुण्यापेक्षा लांबचं गाव, पण मुलीला घेऊन रात्री परतताना मला एकदाही भीती वाटली नाही.

हैदराबाद त्याआधी सलग चार सामने हरलं होतं. तरी मैदान नारंगी रंगाने भरलेलं. प्रत्येक संघाला १४ सामने आणि वेळापत्रकातच सात घरचे, म्हणून चार हरल्यावरही माणसाला आशा धरता येते आणि पुढची तारीख आधीच घरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. पंजाबने २४५ केल्या. अक्का गप्प झाल्या. मग अभिषेक शर्माने ५५ चेंडूंत १४१ काढल्या, शतक झाल्यावर खिशातून चिठ्ठी काढून प्रेक्षकांना दाखवली, आणि सामना नऊ चेंडू राखून संपला. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आम्हाला वरून दिसलं नाही. पडद्यावर आलं तेव्हा कळलं, ती आमच्यासाठीच होती. अक्का रडत होत्या. त्यांच्या वडिलांनी मागावर काम करता करता रेडिओवर सामने ऐकले होते, मैदान कधी बघितलं नव्हतं, असं त्यांनी मेट्रोत सांगितलं.

त्रासही होता. दारावर पाण्याची बाटली काढून घेतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात आत पाण्याला रांग. एका तिकीट ॲपवर माझे पैसे दोनदा कापले गेले, परत मिळायला अठरा दिवस लागले. खर्च दोघींचा मिळून साडेपाच हजारांच्या वर गेला, तोही मुक्काम फुकट असताना. पार्कवर आमचा खर्च चहाचा.

उप्पलला जायचं असेल तर परतीचं बसचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा, त्याच रात्रीचं नको. गहुंजेला दुपारचा सामना निवडा आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी ओळखीचं असेल तरच जा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर पार्कच, आणि पायरी तापते म्हणून जाड सतरंजी न्या. रणजीचं वेळापत्रक आलं की आमच्याकडे मुलगी आधी ठिकाणाचा रकाना वाचते, सोलापूर दिसलं की तिथूनच अण्णांना हाक मारते.