डी-७६ की रोडिनल?

दोन्ही डेव्हलपर (कृष्णधवल फिल्मवर चित्र उमटवणारी रसायनं) जुने. रोडिनल १८९१चा, कोडॅकचा डी-७६ १९२७चा. डी-७६ची पूड ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात विरघळवावी लागते. दाणा (फोटोत दिसणारे बारीक ठिपके) बारीक, करड्या छटा अतिशय सुंदर! पण हवा हा त्याचा शत्रू: काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत द्रावण सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत जेमतेम दोन. म्हणून मी ते छोट्या काचेच्या बाटल्यांत वाटून ठेवते.

रोडिनल गडद तपकिरी झाला तरी वर्षानुवर्षं चालतो. एका भागाला ५० भाग पाणी, वापरून झालं की ओतून द्यायचं. दाणा मात्र ठसठशीत, ४०० आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्मवर तर फारच. महिन्याला एखादाच रोल धुणाऱ्याने रोडिनलच घ्यावा. चेहरे टिपणाऱ्याने डी-७६ची उठाठेव जरूर करावी.