चेक भाषेतली आवाजाची प्रश्नावली: तीनदा भरून झाल्यावर

चेक देशातल्या ब्रनो शहरात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात सर्दी गेली, पण आवाज काही परत आला नाही. सकाळचा तास कसाबसा निभायचा, दुपारनंतर घशातून नुसता वारा. शेवटी फोनिआट्रीच्या, म्हणजे आवाजाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीआधी नर्सने हातात एक छापील प्रश्नावली आणि पेन दिलं. हा अभिप्राय त्या प्रश्नावलीबद्दल आहे. इंग्रजीत तिचं नाव ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’, आवाजाच्या त्रासाने रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारी.

तीस वाक्यं. प्रत्येकासमोर ० ते ४ असे गुण, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. दहा वाक्यं रोजच्या व्यवहाराची, दहा शरीराला काय जाणवतं त्याची, दहा मनाची. बेरीज १२० पर्यंत जाते. जितकी जास्त तितका त्रास जास्त. बार्बरा जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत ती तयार केली. चेक रूप २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

फॉर्म भरायचा मला मनापासून कंटाळा आहे. पण ‘आवाजामुळे माझं उत्पन्न बुडतं’ या अर्थाच्या वाक्याशी आले आणि पेन थांबलं. मी स्वतःच्या परवान्यावर काम करते. तास रद्द झाला की त्या तासाचे पैसे गेले. डिसेंबरपासून असे किती तास गेले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिथे ४ वर खूण केली आणि मग पुढची वाक्यं खरी खरी भरली. फोन करायचं टाळता का? हो. लोक ‘आवाजाला काय झालं’ विचारतात का? रोज.

आत गेल्यावर दुर्बिणीने तपासलं. ‘ई’ म्हणायला लावलं. लुकलुकत्या दिव्यात स्वरपडदे संथ हलताना दिसत होते आणि दोन्हींच्या कडेला समोरासमोर मोहरीएवढ्या गाठी. “लहान आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी माझी बेरीज पाहिली: ६१. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यांदाच विचारलं, दिवसातून किती तास बोलता, वर्ग केवढा, खिडकीबाहेर ट्राम आहे का. गाठीचा आकार दुर्बीण सांगते. त्या गाठीने माझा दिवस कसा खाल्ला, हे कागदाने सांगितलं. एवढ्यासाठी मी या प्रश्नावलीला भरभरून गुण देईन.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणणं म्हणजे नुसतं भाषांतर नाही, हे मला नंतर कळलं. आधी भाषांतर, मग ते पुन्हा मूळ भाषेत उलटून अर्थ सरकला का ते पाहायचं. मग आवाजाचा त्रास असलेले आणि नसलेले अशा दोघांकडून भरून घ्यायचं. गुणांत स्पष्ट अंतर पडलं पाहिजे. त्याच माणसाने काही दिवसांनी, त्रास तसाच असताना पुन्हा भरलं तर बेरीज जवळपास तीच यायला हवी. एका गटातली दहा वाक्यं एकाच दिशेला बोट दाखवतात का, हेही तपासावं लागतं. भाषा शिकवणारी म्हणून मला यातलं बारीक काम दिसतं. इंग्रजीतला ‘मी’ बाई की बुवा हे सांगत नाही; चेकमध्ये आपल्या मराठीसारखंच शब्दाचं शेपूट बदलतं. एवढ्या खटपटीनंतरच ६१ या आकड्याला वजन येतं.

दोन गोष्टी खटकल्या. चेकमध्ये ‘निकदी’ म्हणजे कधीच नाही आणि ‘न्येकदी’ म्हणजे कधी कधी. लिहितानाही एका अक्षराचा फरक. इतकी वर्षं इथे राहूनही मी थकलेल्या डोळ्यांनी एका ओळीत चुकलेच. परदेशी माणसाने शब्दाकडे नाही, गुणाकडे बघून खूण करावी. दुसरं, गाण्याबद्दल एकही वाक्य नाही. मुलीला अंगाई म्हणताना वरचा सूर फुटायचा, ते कुठे लिहू? गायकांसाठी २००७ मध्ये वेगळी प्रश्नावली निघाली आहे, पण रात्री पोराला झोपवणारी आई त्यात कशी बसणार?

उपचार म्हणजे आवाजाचे व्यायाम. पाण्याच्या बाटलीत नळी बुडवून ‘ऊ’ काढत बुडबुडे सोडायचे, दिवसातून अनेकदा. शिवाय वर्गात मायक्रोफोन. तीन महिन्यांनी पुन्हा भरली तेव्हा बेरीज ३८. मूळ अभ्यासात १८ गुणांच्या फरकाला खरा बदल मानलं आहे; माझा २३ चा होता. त्या दिवशी ट्रामने न जाता चालत घरी आले.

भरताना घरच्यांना शेजारी बसवू नका. दुसऱ्या वेळी नवरा सोबत होता. ‘घरात हाक मारली तर घरच्यांना ऐकू येत नाही’ या ओळीवर तो म्हणाला, “छे, मला तर तू बोलावलेलं नेहमी कळतं.” कळणारच, कारण मी हाक मारणं सोडून टाळी वाजवत होते. माणूस किती गुपचूप जुळवून घेतो! मी तिथे ४ वरच खूण केली.

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा भरली. बेरीज १९, आणि त्या ओळीवर १.